चित्राखालची ओळ

मुंबई-पुण्यातल्या कुठल्याही चार डिझाइन एजन्सींच्या वेबसाइट्स एकामागोमाग उघडा, वरचा लोगो अंगठ्याने झाका आणि कुठली साइट कोणाची ते ओळखून दाखवा. पडदाभर एक छायाचित्र. त्यावर बारीक पांढऱ्या अक्षरांत इंग्रजीतले चार-पाच शब्द, बहुधा गोष्टी सांगण्याविषयी किंवा उद्याच्या जगाविषयी. कोपऱ्यात तीन आडव्या रेघा आणि त्यांच्याआड दडवलेला मेन्यू. खाली सरकलं की कामांची मोठाली, देखणी चित्रं, एकमेकांपासून ऐसपैस अंतर राखून मांडलेली. चित्रावर बोट ठेवलं तर ग्राहकाचं नाव आणि साल. काही ठिकाणी तेवढंही नाही. याला ‘मिनिमल’ म्हणतात. ज्यांचा धंदाच डोळ्यांना पटवण्याचा, त्यांनी बोलण्यापेक्षा दाखवण्यावर भर द्यावा हे वरवर पाहता रास्तही वाटतं.

माझी तक्रार साधेपणाबद्दल नाही. या साइट्सनी कमी करायला भलतीच वस्तू निवडली, एवढंच माझं म्हणणं आहे. त्यांनी शब्द काढले आणि चाळीस चित्रं ठेवली. काटकसर चित्रांत करायला हवी होती. दहा कामं ठेवा, नाहीतर आठच; पण प्रत्येकाखाली चार सरळ वाक्यं हवीत. काम कशासाठी आलं, अडचण कुठे होती, तुम्ही काय ठरवलं आणि ते कोणी केलं. एवढं नसेल तर पानावर उरते ती नुसती सजावट, मग तिच्याभोवती कितीही पांढरी जागा सोडा.

या शैलीचं मूळ सांगताना जाहिरात क्षेत्रातली मंडळी हमखास एका जाहिरातीपाशी येतात. फोक्सवॅगन बीटलची, १९५९ सालची, न्यूयॉर्कच्या डॉइल डेन बर्नबाक या एजन्सीने केलेली. कलादिग्दर्शक हेल्मुट क्रोन, मजकूर ज्युलियन केनिग यांचा. त्या काळी अमेरिकी मासिकांत गाड्यांच्या जाहिराती म्हणजे ताणून लांब-रुंद केलेली, झगझगीत रंगवलेली चित्रं आणि गाडीशेजारी हसणारं सुखी कुटुंब. त्या गर्दीत हे एक पान आलं. जवळजवळ सगळं रिकामं, आणि वर डाव्या बाजूला इवलीशी गाडी. ‘अ‍ॅडव्हर्टायझिंग एज’ या नियतकालिकाने १९९९ मध्ये विसाव्या शतकातल्या जाहिरातींची क्रमवारी लावली तेव्हा पहिला मान या मोहिमेला दिला.

व्याख्यानांच्या स्लाइड्समध्ये हे पान दाखवताना डोळा त्या पांढऱ्या जागेवर खिळवला जातो. पानाच्या खालच्या भागात मात्र तीन स्तंभ मजकूर आहे, चांगला दाट. पेट्रोल किती कमी लागतं, तेल किती थोडं, टायर किती टिकतात, छोट्या जागेत गाडी कशी मावते, विमा कसा स्वस्त पडतो, असा घरखर्चाच्या भाषेतला हिशेब त्यात मांडलेला आहे. वरची रिकामी जागा वाचकाला थांबवते, आणि थांबलेल्या वाचकाच्या हातात खालचे तीन स्तंभ काहीतरी ठेवतात. क्रोनने गाडी लहान केली, पण केनिगचा मजकूर कापला नाही. आजच्या एजन्सींनी त्या पानाचा वरचा अर्धाच वारसा म्हणून घेतला. आपल्याकडे १९६६ पासून चालत आलेल्या अमूलच्या होर्डिंगमध्येही चित्राचा जीव मजकुरातच आहे. सिल्व्हेस्टर डाकुन्हा आणि युस्टेस फर्नांडिस यांनी घडवलेली ती ठिपक्याठिपक्यांच्या फ्रॉकातली मुलगी गोड आहेच. पण रस्त्यावरचा माणूस मान वळवतो तो तिच्या शेजारच्या कोटीसाठी. ती ओळ पुसून टाकली तर दर आठवड्याला नवं होर्डिंग लावायला कारणच उरणार नाही.

आता चित्रांकडे वळू, कारण खरी गोम तिथे आहे. एजन्सीच्या साइटवर दिसणारी चित्रं नक्की कशाची असतात? बऱ्याच वेळा कशाचीच नसतात. त्यांना धंद्यात ‘मॉकअप’ म्हणतात. कापडी पिशवीची, कॉफीच्या पेल्याची, व्हिजिटिंग कार्डांच्या गठ्ठ्याची, रस्त्यावरच्या फलकाची तयार फाइल विकत किंवा फुकट मिळते. फोटोशॉपमध्ये ती उघडायची, ठरावीक थरावर आपला लोगो ठेवायचा, सेव्ह करायचं. लोगो पिशवीच्या सुरकुत्यांसकट तिच्यावर चढतो. मागे फिकट भिंत, भिंतीवर कुठल्यातरी परदेशी झाडाच्या पानांची तिरपी सावली. ती पिशवी कधी शिवलेली नसते. तो फलक कुठल्याच चौकात उभा राहिलेला नसतो. मॉकअप हे ग्राहकाला कल्पना समजावून सांगण्याचं उत्तम साधन आहे, मला त्याबद्दल आकस नाही. पण तेच चित्र जेव्हा ‘आमची कामं’ या सदरात ओळीविना बसतं, तेव्हा ते खोटं बोलत नसलं तरी खरंही सांगत नाही. ही कल्पना होती, की वस्तू? ग्राहकाने ती घेतली, की परत केली? बाजारात गेली, की बैठकीतच संपली?

आणि ज्या एजन्सीची कामं खरोखर बाजारात गेली आहेत, तिचं यात सगळ्यात जास्त नुकसान होतं. मसाल्याच्या पाकिटाची खरी परीक्षा किराणा दुकानात होते. तिथे ते दाराशी लटकणाऱ्या माळेत असतं, ट्यूबलाइटच्या उजेडात, बाजूला सहा प्रतिस्पर्धी आणि पुढे घाईत असलेलं गिऱ्हाईक. होर्डिंगची परीक्षा दादरला होते, जिथे निम्मं होर्डिंग गुलमोहराआड जातं आणि उरलेल्याशेजारी कुणा भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स असतो. अशा जागी जे तगलं त्याचं तिथलंच छायाचित्र द्यायला काय हरकत आहे? हरकत एवढीच की ते ‘मिनिमल’ दिसत नाही. साइटच्या फिकट रंगसंगतीत ती वायरींची जाळी बसत नाही. म्हणून खऱ्या जगात जिंकलेलं काम पुन्हा एकदा खोट्या भिंतीसमोर उभं करून दाखवलं जातं. डिझायनर आपली कामं मांडतात त्या बिहान्स आणि ड्रिबलसारख्या संकेतस्थळांवर हजारो लोक तेच साचे वापरतात. तेव्हा सगळ्यांच्या साइट्स एकसारख्या दिसण्याचं कोडं उलगडायला फार लांब जावं लागत नाही.

ही फिकट भिंत आली कुठून? कलादालनांतून. ब्रायन ओ’डॉहर्टी या आयरिश-अमेरिकी कलावंत-समीक्षकाने १९७६ मध्ये ‘आर्टफोरम’मध्ये लिहिलेल्या लेखमालेत गॅलरीच्या पांढऱ्या खोलीची चिकित्सा केली होती. ती खोली तटस्थ नसते. बाहेरचं जग, काळ, आवाज सगळं ती वगळते आणि आत ठेवलेल्या कुठल्याही वस्तूला पवित्रपणा चढवते, अशी त्याची मांडणी होती. एखाद्या अमूर्त चित्राला हा पवित्रपणा पेलवेल. साबणाच्या खोक्याला, पेन्शन योजनेच्या माहितीपत्रकाला तो पेलत नाही, कारण ती वस्तू वापरासाठी घडवलेली असते आणि वापर बाजूला काढला की तिच्यात पाहण्यासारखं निम्मंच उरतं. गंमत अशी की गॅलरीसुद्धा इतकी मुकी नसते. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून चालू आहे. तिथे चित्राशेजारी शीर्षक, माध्यम, आकार लिहिलेली पट्टी असते, टेबलावर किमतींची यादी असते आणि शेजारी खुद्द चित्रकार बसलेला असतो, विचारलं तर बोलायला. एजन्सीच्या साइटने गॅलरीची भिंत उचलली. पट्टी, यादी आणि माणूस तिथेच सोडले.

यावर एक आक्षेप येईल आणि तो खरा आहे. एजन्सींचा मजकूर असतो तरी कसा? ‘आम्ही ब्रँडच्या आत्म्याशी संवाद साधतो’ छापाची वाक्यं वाचण्यापेक्षा कोरं पान परवडलं. मान्य. तो मजकूर काढून टाकला हे बरंच झालं. पण वाईट मजकुराला उत्तर चांगला मजकूर हे आहे, आणि चांगला म्हणजे अलंकारिक नव्हे. वर्तमानपत्रात छायाचित्राखाली जी ओळ असते तिला कोणी साहित्य म्हणत नाही. कोण, कुठे, कधी, काय चाललंय, एवढंच ती सांगते. तरी तिच्याशिवाय छायाचित्र छापायचं धाडस कुठलाही वृत्तसंपादक करणार नाही. जर्मन विचारवंत वाल्टर बेन्यामिनने १९३१ सालीच छायाचित्रणाविषयी लिहिताना या ओळीचा प्रश्न उपस्थित केला होता: ती ओळ चित्राचाच अत्यावश्यक भाग होईल, असा त्याचा रोख होता. आज प्रत्येक खिशात कॅमेरा असताना तो रोख अधिकच नेमका ठरतो.

‘लोक वाचत नाहीत, लोक बघतात’ हे दुसरं ठरलेलं उत्तर. लोक बघतात खरे, पण काय बघतात? संकेतस्थळांच्या वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांच्या संस्थेने वाचकांच्या डोळ्यांच्या हालचाली नोंदवून २०१० मध्ये निष्कर्ष मांडला. काही माहिती देणारी चित्रं, म्हणजे खऱ्या माणसांची, खऱ्या वस्तूंची, लोक निरखून बघतात. नुसती वातावरणनिर्मितीसाठी लावलेली मोठी चित्रं नजर ओलांडून जाते. एजन्सींच्या लाडक्या सरकत्या चित्रपट्टीचंही तसंच. अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठाच्या संकेतस्थळावरच्या पट्टीची आकडेवारी २०१३ मध्ये तिथल्याच वेब-विकासकाने प्रसिद्ध केली. पट्टीवर क्लिक करणारे भेट देणाऱ्यांपैकी साधारण १ टक्का निघाले आणि त्यातलेही बहुतेक पहिल्याच चित्रावर. मागची चित्रं आपली सरकत राहिली.

तांत्रिक बाजूबद्दल फार लिहायला नको, पण एक विसंगती सोडवत नाही. डोळ्याला हलकी वाटणारी ही पानं मोबाइलला फार जड असतात. कॅमेऱ्यातून आलेलं ४००० बाय २५०० पिक्सेलचं छायाचित्र म्हणजे एक कोटी पिक्सेल. वेबपी (२०१०) किंवा एव्हीआयएफ (२०१९) यांसारख्या स्वरूपांत ती फाइल दाबून लहान करता येते, आणि करावीच. पण पडद्यावर दाखवण्यापूर्वी ती उलगडावी लागते. दर पिक्सेलला चार बाइट धरले तर एक चित्र स्मृतीत सुमारे ४० एमबी जागा अडवतं, फाइल कितीही दाबलेली असो. फोनच्या पडद्याची रुंदी बहुधा १०८० पिक्सेल, म्हणजे यातला बराच भाग दिसणारही नसतो. पडद्याच्या मापाप्रमाणे वेगवेगळ्या आकारांची चित्रं पाठवण्याची सोय एचटीएमएलमध्ये केव्हाची आहे, नजरेत येईपर्यंत चित्र न मागवण्याचीही आहे. पानावरचा सर्वांत मोठा घटक अडीच सेकंदांत दिसावा असा गूगलचा दंडक आहे. हे सगळं पाळता येतं. पाळलं जात नाही, कारण साइट तपासली जाते ती एजन्सीच्या ऑफिसात, फायबरच्या वायफायवर, सत्तावीस इंची पडद्यावर. ग्राहक ती लोकलमध्ये उघडतो.

तंत्राच्याच प्रांतात एक छोटी गोष्ट आहे, जी मला या साऱ्या वादाची किल्ली वाटते. प्रत्येक चित्राला कोडमध्ये एक पर्यायी मजकूर जोडता येतो. दृष्टिहीन माणसाचा स्क्रीनरीडर तो वाचून दाखवतो. चित्र उतरलं नाही तर त्या जागी तो दिसतो. वेब सुगमतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांत तो मूलभूत आहे, आणि आपल्याकडे दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ पासून आहे. चित्रप्रधान साइटवर ही जागा रिकामी सोडणं म्हणजे दुकानाला दारच न ठेवणं. पण कायदा आणि माणुसकी क्षणभर बाजूला ठेवली तरी हा मजकूर लिहायला बसणं ही डिझायनरसाठीच मोठी कसोटी आहे. ‘निळ्या पार्श्वभूमीवर पाकीट’ असं लिहून बघा. मग हे पाकीट इथे का आहे ते लिहून बघा. ‘चहाच्या पाव किलोच्या पाकिटावर दर मोठ्या आकड्यात समोर आणला, कारण गिऱ्हाईक आधी तोच विचारतं’ असं वाक्य सुचलं तर चित्र ठेवा, आणि तेच वाक्य सगळ्यांना दिसेल असं खालीही छापा. काहीच सुचलं नाही तर चित्र काढा. चाळीसची आठ व्हायला एक दुपार पुरते.

मराठीचा प्रश्न इथे उगाच आणत नाही. तो या शैलीला आतून तडा देतो. आपल्या एजन्सींच्या स्वतःच्या साइट्स जवळजवळ सगळ्या इंग्रजीत असतात, हे एक. पण एखाद्या मराठी संस्थेसाठी हीच शैली जशीच्या तशी उतरवली की काय होतं ते बघण्यासारखं आहे. रोमनमधली मिनिमल शीर्षकं सगळी कॅपिटल अक्षरं घेऊन, त्यांच्यात मोकळी हवा सोडून केलेली असतात. देवनागरीला कॅपिटल नाहीत. अक्षरांमध्ये अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. फिकट करड्या रंगातलं अतिबारीक वळण घेतलं तर रेघ तेवढी दिसते, तिच्याखालचं अक्षर हरवतं. रोमनला पुरतं तेवढंच ओळींमधलं अंतर ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला जाऊन भिडतो. म्हणजे देवनागरीत साधेपणा हवा असेल तर तो वेगळ्या मार्गाने आणावा लागेल: आकारातून, वजनातून, ओळींना दिलेल्या मोकळ्या श्वासातून. मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेल्या ‘मुक्ता’सारख्या फॉन्टमध्ये निरनिराळी वजनं आहेत आणि तो फुकट वापरता येतो, तेव्हा साधनांचं दारिद्र्य हे कारणही राहिलेलं नाही.

शिवाय चित्र म्हणजे छायाचित्रच, हा हट्ट तरी का? कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी केलेली शीर्षकं आठवा. वर्तमानपत्राच्या काळ्या-पांढऱ्या पानात, काही सेंटिमीटरच्या चौकटीत, आजूबाजूला इतर नाटकांचा कल्लोळ, आणि तरी नुसत्या अक्षरांच्या वळणावरून नाटक विनोदी की ऐतिहासिक ते कळत असे. र. कृ. जोशींनी जाहिरात क्षेत्रात, मग आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात आणि पुढे संगणकावरच्या भारतीय अक्षरांसाठी आयुष्यभर हेच करून दाखवलं. विंडोजमधला ‘मंगल’ हा फॉन्ट त्यांचाच. अक्षर हेच चित्र होऊ शकतं याची इतकी घसघशीत परंपरा घरात असताना मराठी एजन्सीची साइट मात्र कुठल्यातरी परक्या खिडकीत ठेवलेल्या कॉफीच्या पेल्यावर उघडते. ही मला सौंदर्यदृष्टीची कमतरता वाटत नाही, संकोच वाटतो.

मग ही शैली इतकी टिकून का आहे? माझा अंदाज असा की एजन्सीच्या साइटचा खरा वाचक ग्राहक नसतोच. तो दुसरा डिझायनर असतो: प्रतिस्पर्धी, नोकरीच्या शोधातला विद्यार्थी, स्पर्धेचा परीक्षक. ‘अवॉर्ड्स’ (Awwwards) हे वेबसाइट्सना पुरस्कार देणारं व्यासपीठ साइट्सना गुण देतं त्यांचं वाटप पाहा: दृश्य मांडणीला ४० टक्के, वापरसुलभतेला ३०, कल्पकतेला २० आणि आशयाला १०. शाळेत ज्या प्रश्नाला दहा गुण असतात तो शेवटी वेळ उरला तर सोडवतात. आशयाची नेमकी तीच गत झाली आहे. सांगलीचा हळदीचा व्यापारी किंवा पणजीची हॉटेलवाली बाई एजन्सी शोधत साइटवर येते तेव्हा तिला विचारायचं असतं ते वेगळंच: माझ्यासारख्या लहान धंद्याचं काम तुम्ही करता का, किती दिवस लागतात, साधारण किती खर्च येतो, माझ्याशी बोलणार कोण? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर पडदाभर पसरलेल्या छायाचित्रात नसतं. संपर्काच्या पानावर पत्ता आणि फोन नंबरऐवजी एक फॉर्म आणि आडव्या रेघेवर लुकलुकणारा कर्सर असतो.

वेगळं करता येतं, हे मोठ्यांनीच दाखवलेलं आहे. १९७२ मध्ये लंडनमध्ये सुरू झालेली पेंटाग्राम ही जगातल्या सर्वांत नावाजलेल्या डिझाइन कंपन्यांपैकी एक. तिच्या साइटवर चित्रं भरपूर आणि मोठी असतात, मांडणी शांत असते. पण प्रत्येक कामासोबत ते कोणत्या भागीदाराने केलं ते लिहिलेलं असतं आणि काय केलं, का केलं हे सांगणारे परिच्छेद असतात. ज्यांचं नाव ऐकूनच ग्राहक येतो ते इतकं समजावून सांगतात. ज्यांचं नाव अजून कोणी ऐकलेलं नाही ते मौन पाळतात. हे गणित उलटं आहे. गूढपणा प्रसिद्ध माणसाला शोभतो, नवख्याला तो परवडत नाही.

श्रेयाचा मुद्दाही त्यात आलाच. ओळ नसलेल्या चित्रातून फक्त पडदाभर नाव असलेली एजन्सी दिसते. ते छायाचित्र काढणारी, ती अक्षरं वळवणारा कंत्राटी सुलेखनकार, रात्रभर जागून पुरवणी बसवणारी प्रशिक्षणार्थी मुलगी, पाचव्या छपाईला हिरवा रंग जमवून देणारा प्रेसवाला, ही सगळी त्या रिकाम्या जागेत विरघळतात. सिनेमाच्या शेवटी स्पॉटबॉयचंही नाव येतं. आठ कामांच्या साइटवर प्रत्येकी चार नावं लिहायला जागा कमी पडते असं कोणी म्हणू नये. जागाच तर सगळीकडे आहे.

अडचण आहे ती लिहिणाऱ्याची. कामाची खरी हकिगत ज्याला ठाऊक असते तो डिझायनर ग्राहकाच्या बैठकीत बसलेला असतो, पण लिहिणं हे आपलं काम नाही असं त्याला शिकवलेलं असतं. कॉपीरायटरला ओळ चमकदार हवी असते. मालकाला वेळ नसतो. एजन्सी दुसऱ्याच्या साइटचं कोटेशन देते तेव्हा त्यात फोटोग्राफीचा आकडा असतो, कोडिंगचा असतो, होस्टिंगचा असतो, आणि ‘मजकूर’ या शब्दापुढे ‘क्लायंट पुरवेल’ असं लिहिलेलं असतं. स्वतःच्या साइटच्या वेळी क्लायंट कोणीच नसतो, म्हणून तो मजकूर कुठूनच येत नाही.